सप्टेंबरअखेरचे दोन दिवस: कास, ठोसेघर, वासोटा, चांदोली एका फेरीत बसतात का?

वाळव्याची_वाट

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इस्लामपुरातून निघायचंय. सात माणसं, एक मोठी गाडी. सासूबाई अडुसष्टच्या आहेत. सपाटीला चालतात, पायऱ्या मात्र चढवत नाहीत. बरोबर नऊ वर्षांचं पोर आहे, ते एका जागी थांबत नाही. डोक्यात असं आहे: शनिवारी पहाटे निघून कास, दुपारी ठोसेघर, साताऱ्यात मुक्काम, रविवारी वासोटा आणि येताना जमलं तर चांदोली.

कासला फोटोत दिसतात तसे गालिचे त्या आठवड्यात असतात का? बुकिंग लागतं का? पाऊस लागला तर काय करायचं? आणि जळवा कुठे लागतात, कुठे नाही, तेही सांगा. पोराला जळू लागली की सगळं घर डोक्यावर घेईल.

जावळीचं_रान

ताई, वासोटा आणि चांदोली दोन्ही खोडून टाका.

वासोटा कोयना अभयारण्यात येतो, चांदोली हे राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. पावसाळ्यात दोन्हीकडे पर्यटकांना प्रवेश नसतो, तो साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो. गोंधळ होतो तो बामणोलीत. सप्टेंबरातही धक्क्यावर बोटी उभ्या दिसतात, म्हणून लोकांना वाटतं वासोटा सुरू झाला. त्या बोटी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, फेरी मारून आणतात. पलीकडे मेट इंदवलीला उतरून किल्ल्याची वाट धरायला वन खात्याचा परवाना लागतो, आणि हंगाम उघडेपर्यंत तो मिळत नाही. कोणी "आपण नेतो की" म्हणालं तरी जाऊ नका.

बरं, उघडा असता तरी तुमच्या बेतात बसला नसता. बामणोलीतून बोटीने तासभर ते दीड तास, तिथून चढ दोन-अडीच तासांचा, उतरायला दीड-दोन तास, पुन्हा बोट. अख्खा दिवस जातो, आणि सासूबाईंना तेवढा वेळ बोटीत किंवा काठावर बसवून ठेवावं लागेल. चांदोली तर उलट्या दिशेला आहे. साताऱ्याहून कराड, शेडगेवाडी फाटा, मग वारणावती. नकाशावर दोन्ही जंगलं एकमेकांना लागून दिसतात, पण मधून रस्ता नाही.

सप्टेंबरअखेर सातारा म्हणजे सडे आणि धबधबे. किल्ले-जंगल नोव्हेंबरला ठेवा.

सडाकातळ

कासचं सविस्तर लिहितो, कारण तिथे जाऊनही निम्म्या लोकांना काय बघायचं ते कळत नाही.

आधी पायाखाली काय आहे ते बघा. वर जांभ्याचा थर आहे, त्याखाली बसाल्ट. जांभ्यावर माती कुठे दोन बोटं, कुठे वीतभर, कुठे नाहीच. पावसाचं पाणी खाली झिरपत नाही, वरच साचतं. धो-धो पावसात त्या पातळ मातीतलं पोषण धुऊन जातं. म्हणून मोठं झाड इथे तग धरत नाही. जगतात ती चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणारी इवली झाडं. जानेवारीत याच जागी भाजलेला तांबडा कातळ दिसेल. ज्याला आपण सडा म्हणतो तो हाच.

मातीच्या जाडीवर फूल ठरतं. जिथे कातळावर पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहतो तिथे पांढरे गेंद आणि त्यात मिसळलेली निळी-जांभळी सीतेची आसवं. माती थोडी जास्त तिथे गुलाबी तेरडा. त्याहून बऱ्या, निचरा होणाऱ्या जागी पिवळा कवला, ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात. दोन पाकळ्या कानांसारख्या उभ्या आणि त्यांवर तांबडे ठिपके, म्हणून ते नाव पडलं. पठाराच्या कडेला उताराकडे गोल गोल हिरवी झुडपं दिसतील, उपडी घातलेली टोपली जशी. ती टोपली कारवी. सात वर्षांतून एकदा फुलते, मधल्या वर्षांत तिच्यात बघण्यासारखं काही नाही असं समजून लोक तिच्यावर बसतात. बसू नका.

गालिचे असतात, पण सगळीकडे एकदम नसतात, आणि दर आठ-दहा दिवसांनी रंग बदलतो. ऑगस्टच्या शेवटी पांढरा आणि निळा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तेरड्याचा गुलाबी चढतो. तुम्ही येताय त्या आठवड्यात तेरडा उतरणीला, मिकी माउस जोरात आणि सोनकी सुरू होत असेल, म्हणजे पठार पिवळ्याकडे झुकलेलं. सलग पंधरा दिवस ऊन पडलं नाही तर हे सगळं आठवडाभर पुढे सरकतं. चार दिवस भुरभुर आणि मग दोन दिवस उघडीप मिळाली की तिसऱ्या दिवशी बघावं. म्हणून "हमखास तारीख" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मुलासाठी खरी गंमत घोट्याच्या उंचीवर आहे. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, दुकानात सहज मिळतं. सीतेच्या आसवांचं फूल करंगळीच्या नखाएवढं, देठ केसासारखा. पानं बघायला गेलात तर जवळजवळ सापडत नाहीत. मातीतल्या पाण्यात, मुळांच्या जागी, मोहरीहून लहान फुगे असतात. प्रत्येक फुग्याला झडप आणि झडपेवर केस. पाण्यातला किडा केसाला लागला की झडप आत उघडते, पाण्यासकट किडा ओढला जातो आणि झडप बंद. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे संपतं. मातीत नत्र नाही, मग ते किड्यातून घ्यायचं. शेजारीच दवबिंदू सापडेल. तांबूस पान, त्यावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. बाकीचं दव नऊ-दहा वाजता वाळतं, याचं वाळत नाही, हीच ओळख. बारीक माशी चिकटलेली असली तर पान तिच्याभोवती वळत आलेलं दिसतं. फुगे बघायला झाड उपटू नका, फूल दाखवा आणि बाकीचं तोंडी सांगा.

आता व्यवहाराचं. प्रवेशाला नोंदणी लागते. आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती ते काम बघते, तिच्या संकेतस्थळावर दिवस आणि वेळेचा टप्पा निवडायचा. दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरवलेली आहे आणि या हंगामातले शनिवार-रविवार आधीच भरतात. शुल्क दर हंगामाला बदलतं, ते तिथेच बघा. सकाळचा पहिला टप्पा घ्या. अकरानंतर गर्दी तर होतेच, शिवाय डोक्यावरच्या उन्हात रंग फिके दिसतात. ओळखपत्र आणि नोंदणीची पावती मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, वर रेंजचा भरवसा नाही.

शनिवार घ्या, रविवार नको. शुक्रवार जमला तर त्याहून चांगलं. साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटरच्या आसपास, पण यवतेश्वराच्या घाटात रविवारी दहानंतर अडकलात तर तेवढ्याला दोन तास लागू शकतात. इस्लामपुरातून पहाटे निघून पहिला टप्पा गाठणं म्हणजे साडेचारला गाडी हलवणं. शुक्रवारी रात्रीच साताऱ्यात येऊन झोपलात तर सासूबाईंचे हाल वाचतील.

वाळव्याची_वाट

बापरे, खूप मोलाची माहिती. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं ठरवते. सासूबाईंना कासवर किती चालावं लागेल? आणि जळवांचं राहिलं.

सडाकातळ

मुख्य पठारावरच्या पायवाटा सपाट आहेत, चढ नावापुरता. त्यांनी अर्धा किलोमीटर जाऊन-येऊन केलं तरी गेंद, तेरडा, मिकी माउस सगळं दिसतं. अडचण चढाची नसून निसरड्याची आहे. भिजलेल्या जांभ्यावर काळपट शेवाळ धरतं, ते दिसायला कोरड्या दगडासारखंच असतं. पडणारे बहुतेक तिथेच पडतात. चप्पल, सपाट तळव्याचे बूट नकोत. खोबणी असलेला तळवा आणि हातात काठी हवी. काठीचं टोक रबरी असलेलं बरं, लोखंडी टोक कातळावर सरकतं.

कुमुदिनीचं तळं वेगळं. राजमार्गाने दीड-दोन किलोमीटर आत आहे, मातीची सपाट वाट. पांढरी, कडेला झालर असलेली फुलं पाण्यावर तरंगतात. त्यांना जमलं तर न्या, न जमलं तर बाकीच्यांनी जाऊन या.

जळवा मोकळ्या सड्यावर सहसा नाहीत. झाडीत, ओलसर पाचोळ्यात असतात. म्हणजे धबधब्यांच्या जंगलवाटांवर. पँट मोज्यात खोचायची. लागलीच तर ओढायची नाही, बारीक टोकाकडून नखाने सरकवली की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. मीठ टाकतात लोक, पण पिशवीभर मीठ घेऊन पठारावर शिंपडत फिरू नका.

उरमोडी_खोरं

एक विचारू का? कासला आता पूर्वीसारखी फुलं राहिली नाहीत असं सगळे म्हणतात. मग एवढा खटाटोप करून जायचं कशाला? जाळी लावून वाट लावली असं ऐकतो.

सडाकातळ

जाळीचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. गर्दी रोखायला कुंपण घातलं, त्याने गुरंही बाहेर राहिली. शेकडो वर्षं त्या सड्यावर गावची गुरं चरत होती. चरणं थांबलं की गवत आणि उंच झुडपं जोर धरतात, आणि दोन-तीन इंचांची फुलझाडं त्यांच्या सावलीत दबतात. स्थानिकांचा आग्रह होता की जाळी काढा, आणि ती काढलीही. पण दुसरा अर्धा भाग पायांचा आहे. ही झाडं एक हंगामी. फूल गेल्यावर बी पिकायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. त्या आधी तुडवलं तर या वर्षीचं फूल तर जातंच, पुढच्या वर्षीचं बीही जातं. ओल्या मातीवर पाय पडला की ती दाबून घट्ट होते, पुढे तिथे पाणी मुरत नाही, आणि तो पट्टा दोन-तीन पावसाळे बोडका राहतो. फोटोसाठी फुलांच्या मधोमध बसलेला माणूस एका वेळी सतरंजीएवढी जागा खलास करतो. वाट सोडायची नाही एवढं पाळलं तरी पुष्कळ.

२०१२ साली पश्चिम घाटाची जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. त्या शिक्क्यानंतर गर्दी वाढली हे मान्य. फुलं कमी-जास्त होतात, पण संपली असं म्हणणारा बहुधा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलेला असतो.

पवनचक्की_पठार

ठोसेघरबद्दल माझ्याकडून. साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने जायचं, बोगद्यातून बाहेर पडून डावीकडे. अंतर पंचवीसच्या आतबाहेर. सप्टेंबरअखेर पाणी भरपूर असतं. त्रास धुक्याचा आहे. दरीतून ढग वर आला की समोरचा धबधबा फक्त ऐकू येतो. अशा वेळी लोक वैतागून परत फिरतात. थांबा, वीस-पंचवीस मिनिटांत पडदा बाजूला होतो, पुन्हा येतो. दुपारपेक्षा सकाळी उशिरा किंवा तीननंतर उघडण्याची शक्यता जास्त वाटते, पण हा अंदाज आहे, नियम नव्हे. बघायचं ते समोरच्या कठडा असलेल्या जागेवरूनच. तिथवर पायऱ्या आहेत, सासूबाईंना हळूहळू न्यावं लागेल. कठडा ओलांडून खाली उतरायचा विचारही नको. वरच्या पठारावर पडलेला पाऊस दरीत उभ्या माणसाला दिसत नाही, आणि पाणी एकदम वाढतं.

कास झाल्यावर त्याच दिवशी दुपारी ठोसेघर करता येतं, मात्र कासवरून आधी साताऱ्यात उतरून मग पुन्हा वर चढायचं. कासमधून भांबवलीचा वजराई जवळ पडतो, तीन टप्प्यांत कोसळतो, देखणा आहे. पण तिथे जंगलातून घसरड्या वाटेने चालावं लागतं आणि जळवांचं माहेरघर तेच. तुमच्या मंडळींना ठोसेघर.

ठोसेघरहून तसंच पुढे गेलात की चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. हाही सडाच. कासपेक्षा गर्दी एक आणा. गाडी रस्त्याकडेला लावून दोन पावलांवर फुलं, सासूबाईंसाठी कासपेक्षाही सोयीचं. वारा मात्र असा की छत्री उलटी होते. रेनकोट घ्या, छत्री गाडीत ठेवा.

या पठाराची दुसरी ओळख बहुतेक सातारकरांनाही नाही. एप्रिल-मेमध्ये, सडा तापून तवा झालेला असतो तेव्हा, इथे गळ्याला पंखा असलेले सरडे दिसतात. नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, केशरी. मादीसाठी आणि दुसऱ्या नराला दम द्यायला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांची नवी प्रजाती म्हणून नोंद केली ती चाळकेवाडीच्या नमुन्यावरून, आणि प्रजातीच्या गटाला शास्त्रीय नाव दिलं तेही आपलंच, 'सरडा'. पुढे २०१८ मध्ये याच पठारावरचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. खाणारा कमी झाला म्हणून सरडे वाढले आणि माणूस जवळ आला तरी उशिरा पळू लागले. पाती फिरतात वर आणि परिणाम होतो जमिनीवर, हे त्या पोराला नक्की सांगा. पण सरडे बघायला पुन्हा उन्हाळ्यात यावं लागेल, सकाळी साडेआठ ते अकरा.

मोरणा_काठ

सडावाघापूरचा उलटा धबधबा घ्या की यादीत! पाटण किंवा चाफळवरून. पोरगं खूश होईल.

पवनचक्की_पठार

भावा, जूनअखेर ते ऑगस्ट असता तर मीच सांगितलं असतं. पाणी उलटं येतं ते वाऱ्याच्या जोरावर. दरीतून चढणारा वारा कड्यावर आदळतो, वर वळतो आणि पडणारी बारीक धार उचलून मागे फेकतो. त्यासाठी पाणी कमी आणि वारा जास्त असावा लागतो. सप्टेंबरअखेर वाऱ्याचा जोर मोडलेला असतो, मग तो साधा, बारीक धबधबा. वर कड्याची कड गवताने झाकलेली, ओली, आणि वारा झोतात येतो: एकदा मागे ढकलतो, एकदम थांबतो. वाऱ्याला रेलून उभा राहिलेला माणूस तो थांबला की पुढे जातो. न थांबणारं पोर घेऊन तिथे नकोच.

कडेगाव_डोंगर

रविवारचा दिवस मोकळा झालाच आहे तर येताना आपल्या सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर करा. ताकारी-देवराष्ट्रे बाजूला, इस्लामपूरला घरी जातानाच्या वाटेवर. १९८५ साली अभयारण्य झालं, क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे अगदी आटोपशीर. उघडे-बोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी पाठपुरावा केला, झाडं लावली गेली, कुंपण झालं, हरणं सोडली. आज चितळ, सांबर, काळवीट आहेत. ही मुद्दाम उभी केलेली जागा आहे, सह्याद्रीतलं जुनं जंगल शोधायला जाऊ नका.

खरं सांगायचं तर सप्टेंबरात हरणं कमी दिसतात. गवत कमरेएवढं, पाणी जागोजागी, मग त्यांनी उघड्यावर यायचं कशाला? फेब्रुवारी ते मेमध्ये पाणवठ्यावर हमखास. पण वरून कृष्णेचं खोरं दिसतं ते याच दिवसांत बघावं. नदीचं वळण, दोन्ही काठांना नजर जाईल तिथवर ऊस, मधे कारखान्याचं धुराडं. धुराडं गप्प असेल, हंगाम सुरू व्हायचा असतो. संध्याकाळी चारनंतर जा, पण दरवाजा कधी बंद होतो ते आत जातानाच विचारून घ्या. पायथ्याला सागरेश्वराची जुनी देवळं आहेत, सासूबाईंचं दर्शनही होईल. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तेही शेजारीच.

आत बिस्किटं, फरसाण हरणांपुढे टाकू नका. सवय लागलेली हरणं कुंपणाबाहेर येतात, शेतात घुसतात, आणि मग शेतकऱ्याच्या शिव्या आम्ही खातो.

येरळेची_पाखरं

थोडं विषयांतर, पण हिवाळ्यातला बेत करणार असाल तर खटाव तालुका विसरू नका. मायणीचा तलाव, येरळवाडी, सूर्याचीवाडी. रोहित पक्षी येतात ते पाण्याच्या पातळीवर. चोच उलटी करून चिखलमिश्रित पाणी गाळून खाणारा पक्षी आहे, त्याला गुडघाभर पाणी लागतं. धरण काठोकाठ भरलेलं असलं तर रोहित नाही, आटून तडे गेले तरी नाही. जानेवारी ते मार्चमध्ये पाणी ओसरून काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात तेव्हा चांगलं. सोबत चक्रवाक आणि पट्टकदंब हंसही असतात. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. आणि जवळ जाण्यासाठी चिखलात उतरू नका. वरून सुकलेला दिसतो, मांडीपर्यंत पाय जातो.

वाळव्याची_वाट

आता बेत असा: शुक्रवारी रात्री सातारा, शनिवारी कास पहिला टप्पा, दुपारी ठोसेघर-चाळकेवाडी, रविवारी आरामात निघून सागरेश्वर. रविवारी सकाळी काही जवळचं, न चालता? आणि नोव्हेंबरात आम्ही चौघंच वासोट्याला जाणार आहोत, त्याचंही सांगून ठेवा.

जावळीचं_रान

रविवारी सकाळी वडाचं म्हसवं. महामार्गाने पुण्याच्या दिशेला पाचवडपाशी वळायचं, म्हणजे घरच्या उलट दिशेला थोडं, पण सकाळी तासा-दीड तासात होतं. एकच वड, पारंब्या उतरून त्यांचीच खोडं झाली, त्या खोडांना पुन्हा फांद्या. १८८२ साली मोजला तेव्हा त्याच्या पसाऱ्याचा घेर १,५८७ फूट भरला होता, उत्तर-दक्षिण ५९५ आणि पूर्व-पश्चिम ४४२ फूट. आत शिरल्यावर झाडाखाली आलोय असं वाटत नाही, राईत आलोय असंच वाटतं. पारंब्यांना झोका घ्यायचा मोह पोराला होईल. जाड झालेल्या धरू दे, जमिनीला न टेकलेल्या कोवळ्या नकोत. त्याच पुढची खोडं आहेत.

वासोटा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. ऑक्टोबर उघडल्या उघडल्या गेलात तर जंगलात अजून जळवा आणि दव, मार्चनंतर पाणी खाली गेल्यामुळे बोट लांब लागते आणि उघड्या चिखलातून जास्त चालावं लागतं. आदल्या रात्री बामणोलीतच मुक्काम करा. साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटर, कासवरूनच रस्ता, आणि एसटीही जाते. सकाळी वन खात्याच्या कार्यालयात प्रत्येकाचं ओळखपत्र देऊन परवाना काढायचा, मग बोट. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. चौघं असाल तर धक्क्यावर दुसरी छोटी टोळी शोधून वाटून घ्या. मात्र परतीची वेळ आधी पक्की करा. त्यांना पुढचं नागेश्वराचं गुहेतलं देऊळ करायचं असेल आणि तुम्हाला नसेल तर संध्याकाळी काठावर ताटकळत बसाल.

आठ, फार तर साडेआठला बोट हलली पाहिजे. सूर्य मावळायच्या आत परत यावंच लागतं, वर मुक्कामाला परवानगी नाही. माणशी तीन लिटर पाणी खालूनच. वर टाकं आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. वाट दाट झाडीतून जाते, सुरुवातीला ओढे, मग चढ सुरू होतो तो माथ्याखालपर्यंत सुटत नाही. सावली असल्यामुळे ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही, घामाने भिजता. माथ्यावर बाबूकड्याकडे गेलात की समोर घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, शेजारी जुना वासोटा, आणि पलीकडे थेट कोकण. तिथेही कडेपासून चार हात मागे.

अस्वल आणि गवे त्या रानात आहेत. गटाने बोलत चाला, म्हणजे त्यांना आधी कळतं. मोबाइलवर गाणी लावून नाही, बोलत. गवा वाटेत उभा दिसला तर थांबा, टाळ्या-शिट्ट्या नकोत, तो आपणहून जातो. एकटा नर असेल तर जास्तच अंतर ठेवा.

प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं नेताना मोजून न्या आणि तेवढीच परत आणा. परतल्यावर मोजून बघतात. निघतानाच वेष्टनं फाडून खाऊ डब्यात भरला तर ती कटकट राहत नाही.

सडाकातळ

ताई, शनिवारसाठी एक राहिलं. कुमुदिनीची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारकडे मिटायला लागतात. म्हणून पहिल्या टप्प्यात आत शिरलात की आधी तळ्याकडे चालत सुटा, मुख्य पठार येताना. बहुतेक जण उलटं करतात आणि साडेअकराला तळ्यावर पोहोचून नुसती पानं बघून येतात. सासूबाईंना तळ्यापर्यंत न्यायचं नसेल तर एक जण त्यांच्याबरोबर अलीकडच्या पट्ट्यात थांबा, भिंग त्यांच्याकडे द्या. वाकायला नको, पावलांजवळच्या कातळाच्या उंचवट्यावर गेंद डोळ्यांसमोर येतात अशा जागा वाटेला लागूनच आहेत.

आणि मोज्यांचे दोन जोड जास्तीचे. एक सकाळी भिजतो, दुसरा ठोसेघरला.